भिंतींवरचा वाद

१९१२ साली इंग्लंडमध्ये एक पोस्टर निघाले. नवरा कामावरून घरी परतला आहे, मुले रडताहेत, घरभर पसारा पडला आहे. भिंतीवर स्त्रियांच्या मताधिकाराचा फलक आणि त्यावर बाईचा निरोप, तासाभरात येते. जॉन हॅसॉल या नामवंत चित्रकाराचे हे काम. चित्र झकास आहे, हे मान्यच करायला हवे. युक्तिवाद मात्र आपल्या चांगलाच ओळखीचा आहे: बाईने हक्क मागितला की घर मोडते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईच्या विधानसभेवर तोंडी तलाकविरोधी मोर्चा घेऊन गेल्या. तेव्हापासून २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आपणही तो ऐकतच आलो.

इंग्लंडमधल्या बायका भिंतीवरच्या या लढाईत आधीच उतरल्या होत्या. १९०७ मध्ये आर्टिस्ट्स सफ्रेज लीग आणि १९०९ मध्ये सफ्रेज अटेलिए या चित्रकारांच्या संस्था निघाल्या. अटेलिएमध्ये ठसे कोरून हाताने छपाई चाले. खर्च कमी आणि काम झटपट. डंकन ग्रँटच्या १९०९च्या पोस्टरमध्ये समुद्र खवळलेला आहे. बाई होडी वल्हवून दमते आहे आणि शेजारून शिडाच्या नावेतला पुरुष आरामात पुढे निघाला आहे. ते शीड म्हणजे मत.

अटेलिएचे १९१२चे पोस्टर याहून झोंबणारे. वरच्या ओळीत महापौर, परिचारिका, आई, डॉक्टर किंवा शिक्षिका आणि गिरणीकामगार अशा स्त्रिया. यांपैकी कुणालाच मत नाही. खाली कैदी, वेडा, बायकांचा व्यापार करणारा, दारुडा असे पुरुष. असे असूनही पुरुषाचे मत जात नाही. एवढा हिशेब मांडला की भाषणाची गरजच उरत नाही!

१९१८ मध्ये मत मिळाले, पण तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांना. पोस्टरवर महापौर बाईच्या शेजारी उभी केलेली गिरणीकामगार वयाने लहान असेल तर बाहेरच राहिली. पुरुषांच्या बरोबरीने मत द्यायला तिला १९२८ उजाडावे लागले. मधल्या काळात, १९२१ मध्ये, मुंबई इलाख्यातही स्त्रियांना मत मिळाले, तेही मालमत्तेच्या चाळणीतून.

पोस्टरचा कागद पावसात टिकत नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे मात्र १९१०च्या सुमारास मॅरियन फिलिप्स या कार्यकर्तीने पोस्टरांचे एक पुडके पाठवले होते. ते जपले गेले आणि २०१८ मध्ये, पहिल्या मताधिकाराच्या शताब्दीला, त्यांतली पोस्टर्स लोकांपुढे मांडली गेली. चळवळीच्या एका गाजलेल्या पोस्टरवर पदवीधराचा झगा घातलेली तरुणी कैदी आणि वेड्याबरोबर कोंडलेली दिसते. ज्या केंब्रिजने हे पुडके सांभाळले, तिथे बायकांना पूर्ण पदवी मिळाली ती १९४८ मध्ये.