टेस्टरचे काम कागदावरच सुरू होते

सॉफ्टवेअर टेस्टर म्हणजे तयार प्रणालीतील चुका शोधणारा, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक, प्रोग्रामरने एक ओळ लिहिण्यापूर्वीच टेस्टरच्या हाती एक कागद यायला हवा. ग्राहकाला प्रणालीकडून नेमके काय हवे आहे, याची ही नोंद. संगणक क्षेत्रात तिला ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात. प्रत्येक विधान वाचताना टेस्टर स्वतःला विचारतो, की हे पूर्ण झाले किंवा नाही, हे उद्या कसे तपासायचे? उत्तर सापडले नाही, तर विधान अपुरे आहे.

शिरपूर तालुक्याच्या परिचयाचे, कापूस खरेदीचे उदाहरण घेऊ. हमीभाव खरेदीसाठी प्रणाली करायची आहे आणि कागदावर लिहिले आहे, ‘ओलावा जास्त असल्यास दर कमी करावा.’ वाचणारे सगळे मान डोलावतात. टेस्टर मात्र तेथेच थांबतो. जास्त म्हणजे किती? ‘सीसीआय’च्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण दर मिळतो, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्याहून ओला कापूस घेतला जात नाही. मग नेमका १२ टक्के ओलावा भरल्यास माल घ्यायचा, की परत पाठवायचा? ८.४ टक्क्यांना कपात किती? सातबारा तिघा भावांच्या सामाईक नावावर असेल, तर पैसे कोणाच्या खात्यात? हे ठरवण्याचा अधिकार टेस्टरचा नाही. पण ते ठरलेले नाही, हे दाखवून देणे त्याचेच काम. अन्यथा प्रोग्रामर आपल्या अंदाजाने आकडा घालतो आणि त्या अंदाजाची तूट शेतकऱ्याच्या पट्टीत दिसते.

शिरपुरात २००१ पासून आर. सी. पटेल तंत्रज्ञान संस्थेत अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. बाजार समितीचा व्यवहार लहानपणापासून पाहिलेला विद्यार्थी असे प्रश्न पुस्तकी टेस्टरपेक्षा लवकर विचारू शकेल.

कागद नीट न तपासल्याची किंमत युरोपने ४ जून १९९६ रोजी मोजली. एरियन-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशादर्शक प्रणालीतील सॉफ्टवेअर आधीच्या एरियन-४ मधून उचलले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच अधिक होता. तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. चौकशीत आढळले, की या प्रणालीच्या अपेक्षापत्रकात एरियन-५ च्या उड्डाणमार्गाची माहितीच नव्हती. साहजिकच तशी चाचणीही झाली नाही.

लिखित कामाच्या शिस्तबद्ध तपासणीची पद्धत आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये मांडली. तरीही बैठकीत फार शंका काढणारा माणूस अनेकांना नकोसा वाटतो आणि टेस्टरला बोलावणे येते ते काम संपत आल्यावर. ‘अजाईल’ पद्धतीने चालणाऱ्या अनेक संघांत आता ग्राहकाचा प्रतिनिधी, प्रोग्रामर आणि टेस्टर हे तिघे प्रत्येक अपेक्षा एकत्र वाचतात आणि उदाहरणासह तिचा अर्थ ठरल्यावरच ती प्रोग्रामरकडे जाते.