कौटुंबिक हिंसाचाराचा आरोप : प्रतिवादीचे कायदेशीर बचाव

कौटुंबिक हिंसाचाराचा आरोप झाल्यास दोन स्वतंत्र कार्यवाही सुरू होऊ शकतात. त्यांतील भेद ओळखणे ही बचावाची पहिली पायरी होय. गोव्यात विवाह व मालमत्तेसाठी वेगळा कौटुंबिक कायदा असला, तरी या विषयात केंद्रीय कायदेच लागू होतात.

पहिली कार्यवाही २००५ च्या महिला संरक्षण अधिनियमाखालील. कलम १२ अन्वये पत्नी किंवा घरातील अन्य पीडित स्त्री न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण, निवास वा निर्वाहखर्च मागते. केवळ या अर्जामुळे प्रतिवादी गुन्हेगार ठरत नाही. मात्र संरक्षण आदेशाचा भंग हा कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. म्हणून एकतर्फी अंतरिम आदेश अन्याय्य वाटला, तरी तो पाळावा आणि दाद न्यायालयातच मागावी. कलम २९ नुसार सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. परिस्थिती बदलल्यास कलम २५ खाली आदेशात फेरबदल मागता येतो.

उत्तरात मोघम नकार पुरेसा नसतो. कौटुंबिक नाते नव्हते, सामायिक घरात एकत्र वास्तव्य कधीच नव्हते किंवा कथित घटना घडली नाही, हे तारीखवार मांडावे. संदेश व ध्वनिमुद्रणे मूळ स्वरूपात जपावीत. ती सादर करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. निर्वाहखर्चाच्या वादात उत्पन्न लपवू नये. २०२० च्या रजनेश निकालानुसार दोन्ही पक्षांना मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

दुसरी कार्यवाही फौजदारी. पूर्वीचे कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र असला, तरी अटक आपोआप होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. पोलिसांची हजेरीची नोटीस आल्यास अवश्य हजर राहावे. अटकेची भीती असल्यास अटकपूर्व जामीन मागता येतो. नातेवाइकांवर विशिष्ट कृत्याविना सरसकट आरोप असल्यास उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील खंडपीठाकडे गुन्हा रद्द करण्याची विनंती करता येते. आरोप ठोस असतील, तर त्यांची शहानिशा खटल्यातच होते.

तक्रारदार स्त्रीवर दबाव आणणे हा बचाव नव्हे. त्यामुळे जामीनही रद्द होऊ शकतो. वकील परवडत नसल्यास पात्रतेनुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळते.