ग्रीक इतिहासाची साधने : ग्रंथ आणि शिळा

प्राचीन ग्रीस व रोम यांच्या अभ्यासाचा आरंभ ग्रंथांपासून करण्याचा प्रघात आहे. परंतु तो ग्रंथ आपल्या हाती कसा आला, हेही पाहिले पाहिजे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथ शतकानुशतके इतरांच्या अवतरणांतूनच काय तो ज्ञात होता. ब्रिटिश म्युझियममधील पपायरसवरून केन्यन यांनी तो १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. इजिप्तमधील एका शेताच्या, इ. स. ७८-७९ च्या, जमाखर्चाच्या पाठीवर तो उतरलेला होता!

न्यायसभेचे पंच ज्याच्या साहाय्याने निवडले जात, त्या 'क्लेरोटेरियन'चे वर्णन या ग्रंथात आहे. पंडितांनी या शब्दाचा अर्थ प्रथम 'दालन' असा केला. अगोरातील उत्खननात खाचांच्या रांगा असलेल्या शिळा मिळाल्या, तेव्हा हेच ते यंत्र होय, असे स्टर्लिंग डाउ यांनी १९३९ मधील निबंधात दाखविले. खाचांत नागरिकांच्या नावांच्या पट्ट्या बसवीत. बाजूच्या नळीतून पडणारा पांढरा वा काळा गोळा एकेका आडव्या ओळीचा निर्णय करी. ग्रंथावाचून त्या शिळेचा उपयोग कोणास उमगला असता, हे संशयास्पदच आहे. मात्र उपलब्ध शिळा बहुतांशी ॲरिस्टॉटलनंतरच्या असून त्याच्या काळातील यंत्रे लाकडी असावीत. म्हणून दोहोंचा तपशील तंतोतंत जुळविण्याचा आग्रह धरता येत नाही.