विश्वासाला वहीची जोड

नेवासे तालुक्यातील शिंगणापूर हे घरांना दारे नसलेले गाव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. शनिदेव राखणदार असल्यावर कडीकोयंडा हवा कशाला, ही तेथील श्रद्धा! पण शेतकऱ्यांनी पैपैसा गोळा करून कारखाना काढला, तर त्या पैशाची राखण कोणी करावी? या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यातल्या लोणी गावी एका अर्थशास्त्रज्ञाने दिले. त्यांचे नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ.

गाडगीळांचा जन्म १९०१ सालचा, नाशिकचा. केंब्रिजला शिकत असता हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावर त्यांनी लिहिलेला प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने निघाला. १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. असा विद्वान ग्रंथांच्या कपाटांत रमला असता, तर कोणी बोल लावला नसता. गाडगीळांची संस्था मात्र बांधावर गेली. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून काय लाभ झाला, याची त्यांनी केलेली पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली.

त्याच सुमारास लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना काढण्याच्या खटपटीत होते. ऊस पिकवावा एकाने आणि साखरेचा नफा न्यावा दुसऱ्याने, हे त्यांना सलत होते. पाटलांजवळ माणसांचा विश्वास होता; गाडगीळांनी त्याला हिशेबाच्या वहीची जोड दिली. वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ लाभले, गाडगीळांनी अध्यक्षपद पत्करले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचे चाक फिरू लागले. भाग कितीही असोत, मत एकच, आणि जमाखर्च सर्वसाधारण सभेपुढे उघडा, हा सहकाराचा नियम. हाच तिजोरीचा राखणदार!

१९६७ साली गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होऊन दिल्लीस गेले. केंद्राचे साहाय्य राज्यांना वाटताना तोवर ठाम अशी कसोटी नव्हती. १९६९ साली ठरलेल्या ‘गाडगीळ सूत्रा’ने ती दिली : साठ टक्के वाटा लोकसंख्येवर, उरलेल्यात दरडोई उत्पन्नातील मागासपणा, कर उभारण्याची खटपट, पाटबंधारे व विजेची चालू कामे आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी दहा टक्के. लोणीत सभासदाला जो न्याय, तोच दिल्लीत राज्याला! कोणाची मर्जी नको, सर्वांना दिसणारे माप हवे.

१९७१ साली गाडगीळ गेले. पुढे नियोजन मंडळही मोडीत निघाले. २०१५ साली त्याच्या जागी नीती आयोग आला. सहकाराचे रोप महाराष्ट्रभर फोफावले खरे, पण कित्येक कारखाने एकेका घराण्याच्या ताब्यात गेले, काही कर्जापायी विकलेही गेले. तेथे विश्वास होता. वही तेवढी मिटली होती. घराला दार नसले तरी एखाद्या गावाचे निभते. सभासदाने वही मागण्याचे सोडले, की सहकाराचे मात्र निभत नाही. लक्ष्मीपूजनाला वहीचीही पूजा करणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे काय सांगावे?