‘पैठणी’ चित्रे : एका नावाची चिकित्सा

गोदावरीच्या प्रवाहाबरोबर पैठणहून खाली आले की शहागड लागते. या काठच्या चित्रपरंपरेची चर्चा ‘पैठणी चित्रे’ या नावापाशी थांबते. परंतु ते नाव सिद्ध काय करते? चित्रे पैठणच्या परिसरात मिळाली, एवढेच. प्राप्तिस्थान हेच निर्मितिस्थान होय, असे मानावयास तेवढा आधार पुरेसा नाही.

चित्रकथी हा मुळात फिरता कलावंत. रामायण-महाभारतातील प्रसंगांची पाठीला पाठ लावून चिकटविलेली सुटी पाने ‘पोथी’त बांधून तो गावोगाव नेई आणि एकेक पान पुढे धरून कथा गाई. या पानांवरील बाजूने दाखविलेले चेहरे, विस्फारलेले डोळे व ठसठशीत रंग आंध्र-कर्नाटकातील चामडी छायाबाहुल्यांशी इतके जुळतात, की शोधाची दिशा पैठणपेक्षा दक्षिणेकडे वळविणे अधिक युक्त ठरते. कोकणातील पिंगुळीची चित्रे याहून निराळ्या वळणाची आहेत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठणी पाने पाहावयास मिळतात. तेथे ती अर्थातच मूक आहेत. पिंगुळीच्या ठाकर समाजात मात्र चित्र व गायन एकत्र टिकले, आणि तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.