हळदीचं पेव, मातीची भिंत आणि आपलं फुफ्फुस

सांगलीजवळचं हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, मडक्याच्या आकाराचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. सातारा-सांगलीकडची हळद यात भरून तोंड मातीने बंद करत. वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. २००५च्या महापुरात यातली बरीच पेवं निकामी झाली.

पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. बराच वेळ थांबून दोरीने कंदील खाली सोडायचा. तो विझला तर माणसाने उतरायचं नाही. असं का?

माती भरीव दिसली तरी तिच्यात असंख्य बारीक छिद्रं असतात. माठ पाझरतो तो त्यामुळेच. अशा छिद्रांतून वायू कसे जातात, याचा नियम स्कॉटलंडच्या थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने शोधला. काचेच्या नळीचं एक टोक त्याने प्लास्टर ऑफ पॅरिसने बंद केलं, नळीत हायड्रोजन भरला आणि उघडं टोक पाण्यात ठेवलं. नळीतलं पाणी आपोआप वर चढलं! हलका हायड्रोजन प्लास्टरमधून झपाट्याने बाहेर पडत होता आणि जड हवा सावकाश आत येत होती. १८३३मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा नियम असा: वायू जितका हलका, तितका तो जलद पसरतो. ऑक्सिजन हायड्रोजनच्या १६ पट जड, म्हणून हायड्रोजन त्याच्या चौपट वेगाने जातो.

आता पेवाकडे वळू. आतले किडे, बुरशी आणि जंतू श्वसन करतात. ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो. मातीतून थोडी हवा झिरपत असते, पण खर्च जास्त आणि आवक कमी. शेवटी कीड गुदमरून मरते. हळद टिकते ती यामुळेच, आणि माणसाला धोका असतो तोही यामुळेच.

तुमच्या छातीतही अशीच एक भिंत आहे. फुफ्फुसातल्या वायुकोशांची ही भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, पण पसरली तर सुमारे ७० चौरस मीटर भरेल. फरक एकच: ती ओली आहे. ग्रॅहमचा नियम पाहिला तर जड कार्बन डायऑक्साइड मागे पडायला हवा. पण तो पाण्यात ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतो, म्हणून ही भिंत तो सुमारे २० पट सहज ओलांडतो. त्यामुळे न्यूमोनियात किंवा कोविडमध्ये भिंत सुजली की आधी ऑक्सिजन कमी पडतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आपण तेच पाहत होतो.

‘डायलिसिस’ हा शब्दही ग्रॅहमचाच. १८६१मध्ये पडद्यातून विरघळलेले पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतीला त्याने हे नाव दिलं. माणसावर डायलिसिसचा पहिला प्रयोग व्हायला मात्र १९२४ साल उजाडलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण आजचं आहे. जुनी विहीर, बंद टाकी, सेप्टिक टँक, पेव यांत उतरून आजही माणसं दगावतात. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. कंदील विझला तर धोका नक्की, पण पेटता राहिला म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही. विषारी वायू ज्योतीला कळत नाहीत, आणि पेट घेणारा वायू असेल तर ज्योतीनेच भडका उडेल. नाकाला रुमाल किंवा साधा मास्क लावूनही उपयोग नाही, कारण कापड ऑक्सिजन तयार करत नाही.

आत कोणी बेशुद्ध पडलं तर त्याच्यामागे उडी मारू नका. अशा घटनांत वाचवायला गेलेलेच अनेकदा बळी जातात. ११२ला फोन करा, शक्य असेल तर बाहेरूनच ताजी हवा आत सोडा आणि श्वसनसाधन असलेल्या पथकाची वाट पाहा. आपल्या आजोबा-पणजोबांनी थांबायला शिकवलं होतं. तेवढं तरी आपण विसरू नये.