पाच विद्यार्थिनींचे कॉलेज आणि कोशातील जागा

एखाद्या लहानशा कॉलेजला ज्ञानकोशात स्वतंत्र लेख द्यावा की नाही, हा काय दिवाळीच्या फराळाबरोबर चघळायचा विषय आहे, असे वाचक म्हणतील. पण कोश म्हणजे समाजाने आपल्या आठवणींची केलेली वाटणीच असते; आणि वाटणी म्हटली की घरोघरी काय होते, ते मी सांगायला नको!

छापील कोशात ही वाटणी पानांवरून होई. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यांतले पहिले पाच तर नुसत्या प्रस्तावनेचे. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला मराठी विश्वकोश सिद्ध होऊ लागला. त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. कागदाचा आणि छपाईचा हिशेब ज्याच्या मानगुटीवर बसलेला आहे, त्या संपादकाने लहान संस्थेला ‘पाहा : अमुक’ असे म्हणून मोठ्या नोंदीत ढकलले, तर त्याला बोल लावता येत नाही. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि कागदाची अडचण मिटली. पण कसोटी काही सुटली नाही. विकिपीडियाचा सर्वसाधारण दंडक असा, की संस्थेने स्वतःविषयी काय छापले ते मोजायचे नाही. ज्यांचा तिच्याशी संबंध नाही अशांनी तिच्याविषयी सविस्तर लिहिले आहे काय, ते पाहायचे. विद्यार्थी किती, इमारती किती, हे गौण. एखादी नामांकित व्यक्ती तेथे शिकली, एवढ्यानेही भागत नाही.

दंडक मला मान्य आहे. तो नसता तर कोश म्हणजे माहितीपत्रकांचा बाड झाला असता. पण हिंगण्याच्या महिला पाठशाळेला तो लावू गेले म्हणजे गंमत होते.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथबालिकाश्रम काढला, १९०७ साली महिला विद्यालय काढले, आणि फर्ग्युसन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने विद्यापीठाचा ध्यास घेतला. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाचे एक माहितीपत्रक त्यांच्या वाचनात आले होते. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी ती कल्पना भाषणात मांडली. आणि १९१६ साली विद्यापीठ सुरूही झाले. त्याचे कॉलेज एकच, आणि त्यात विद्यार्थिनी पाच! एवढ्या मुली तर आपल्याकडे एखाद्या मंगळागौरीला एका खोलीत सहज जमतात.

या पाचजणींना मराठीतून उच्च शिक्षण द्यायचे ठरले होते. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांतून इंग्रजीचे राज्य चालू असताना येथे मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम आणि इंग्रजी हा एक विषय, अशी मांडणी झाली. गृहशास्त्र, आरोग्य यांनाही अभ्यासक्रमात जागा मिळाली. पदवीचे नावसुद्धा उसने घेतले नाही : ‘गृहीतागमा’, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली ती, संक्षेपाने जी. ए. १९२१ साली पहिल्या पाच पदवीधर बाहेर पडल्या. त्याआधीच, १९२० साली, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. सरकारी कायद्याची मान्यता मात्र १९५१ साली आली. तोवर तीन दशके मुली ही पदवी घेत राहिल्या, आणि घरचे लोक विचारीत राहिले असतील, की हिचा उपयोग काय?

आता कसोटी. संस्थापकाने लिहिलेले आत्मचरित्र पात्रता ठरवताना बाजूला ठेवायचे. मालतीबाई बेडेकर येथल्याच शिक्षणातून पुढे आल्या आणि १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने त्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध करून महाराष्ट्रात केवढी खळबळ उडवली. पण तेही श्रेय बाईंचे, कॉलेजचे नव्हे. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासकारांनी लिहिले आहे ते कर्व्यांवर आणि विद्यापीठावर. म्हणजे काटेकोर संपादक म्हणणार, ‘महिला पाठशाळा : पाहा कर्वे.’

येथे माझे संपादकाशी जमत नाही. १९१६ साली विद्यापीठ म्हणून जे होते, त्यातले शिकणे-शिकवणे सारे या एकाच कॉलेजात होते. सेनेट ठराव करीत होती. मराठीतून वर्ग चालवण्याची अडचण सोसत होते ते पाठशाळेतले शिक्षक आणि त्या मुली. तेव्हा विद्यापीठाच्या त्या वर्षांविषयी तटस्थ लेखकांनी जे लिहिले, ते पाठशाळेविषयीचेच धरले पाहिजे. शिवाय संस्थापकाच्या चरित्रात संस्था घातली की ती त्याचा एक सद्गुण होऊन बसते. अण्णांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, ते योग्यच झाले. पण अपमान्य पदवीसाठी वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या मुलींचे धाडस त्यांच्या खात्यावर का मांडावे?

माझा निकाल स्वतंत्र लेखाच्या बाजूने आहे. लेख लहान असावा, दीड-दोन परिच्छेदांचा. स्थापना, माध्यम, पदवी, १९२१, १९५१, एवढे आले तरी पुरे. आणि ‘कर्वे, धोंडो केशव’ या नोंदीच्या शेवटी एक ओळ वाढवावी : ‘पाहा : महिला पाठशाळा’.